धावणारा एक, खोळंबलेल्या तिघी

धावण्याची शर्यत आणि घरच्यांची सहल या दोन गोष्टी एकाच गाडीतून नेऊ नयेत, असं माझं मत आहे आणि घरात ते मी वारंवार मांडलेलं आहे. त्यावर नवऱ्याकडून ठरलेलं उत्तर मिळतं. नाहीतरी साताऱ्याला जायचंच आहे, मग सगळेच जाऊ. आईंनाही बरं वाटेल, लेकीला सुट्टी आहे, डोंगरातली हवा मिळेल. हे ऐकायला इतकं समंजस वाटतं की नाही म्हणणारं माणूसच हट्टी ठरतं. म्हणून माझी बाजू एकदा नीट मांडते. धावण्याबद्दल आता मराठीत पुष्कळ लिहिलं जातं, पण ते बहुतेक धावणाऱ्यांनीच लिहिलेलं असतं. त्यांना पहाटे गाडीतून नेणारी, त्यांचं जॅकेट आणि चपला हातात धरून रस्त्याच्या कडेला उभी राहणारी माणसं त्या लेखांत शेवटच्या ओळीत, आभारापुरती येतात.

साताऱ्याच्या शर्यतीशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगते. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर थोडं पुढे जाऊन वळायचं आणि त्याच वाटेनं खाली यायचं, असं हे एकवीस किलोमीटरचं अंतर. २०१५ साली एका डोंगरावर सर्वाधिक माणसं धावल्याची गिनीज बुकातली नोंद या शर्यतीच्या नावावर झाली. त्या दिवशी अडीच हजारांहून जास्त लोक हा घाट चढून उतरले. एका जिल्ह्याच्या गावानं एवढं मोठं काम उभं करावं आणि सातारकरांनी पहाटे पावसात दाराबाहेर येऊन अनोळखी माणसांसाठी टाळ्या वाजवाव्यात, याचं मला मनापासून कौतुक आहे. माझी तक्रार आहे ती या शर्यतीच्या निमित्तानं आमच्यासारख्या घरांतून जो प्रवास घडतो त्याबद्दल. शर्यत ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात असते, पण हा प्रवास मे महिन्यातच सुरू होतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत महाबळेश्वरला जायचं हे आमच्याकडे जुनं. आता त्याला घाटाचा सराव जोडला गेला आहे. पुण्यात टेकड्या आहेत, सिंहगडाचा रस्ता आहे, पण शर्यतीच्या आधी निदान एकदा तरी प्रत्यक्ष यवतेश्वरचा घाट धावून बघितला पाहिजे, असं धावणाऱ्या मंडळींचं म्हणणं असतं. ते बरोबर असेलही. मात्र मे महिन्यात ऊन चढायच्या आत घाट धावायचा, तर साताऱ्यात पाचपर्यंत पोहोचावं लागतं. म्हणजे पुण्याहून तीनला निघावं लागतं आणि आईंना, माझ्या सासूबाईंना, अडीचला उठवावं लागतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला सुट्टीच्या नावाखाली अडीचला उठवणं मला पटत नाही. त्या स्वतः तक्रार करत नाहीत, म्हणून ती मला करावी लागते.

गाडी मी चालवते. मला गाडी चालवायला आवडतं, तेव्हा प्रश्न आवडीचा नाही. प्रश्न कारणाचा आहे. कारण असं दिलं जातं की क्लच दाबून दाबून डावी पोटरी थकते आणि चढावर तीच पोटरी लागते. पुणे-सातारा रस्ता ज्यांनी चालवला आहे त्यांना खंबाटकी माहीत आहे. साताऱ्याकडून येणाऱ्यांना बोगदा आहे. पुण्याहून जाताना आम्ही घाटच चढून जातो. पहाटेच्या अंधारात त्या घाटात माल भरलेले ट्रक पहिल्या गिअरमध्ये एकामागे एक चाललेले असतात, एखादा वळणावर बंद पडलेला असतो, आणि त्यांच्या मागे अर्धा क्लच धरून सरकत राहायचं असतं. ती पोटरीसुद्धा पोटरीच आहे. शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसानं त्या वेळी डोळे मिटून विश्रांती घेऊ नये, एवढी माझी अपेक्षा आहे. घाटात चालकाच्या शेजारी बसणाऱ्यानं जागं राहावं, ही गाडीतली साधी रीत आहे.

गाडीत गाणी लावायची नाहीत, कारण त्या वेळात कुणा परदेशी प्रशिक्षकाचं भाषण ऐकायचं असतं. एलिउड किपचोगेनं २०१९ मध्ये व्हिएन्नात मॅरेथॉनचं अंतर दोन तासांच्या आत कसं कापलं, त्याचे बूट कसे होते, त्याच्यापुढे धावणाऱ्यांची रचना कशी होती, हे आमच्या गाडीत सगळ्यांना पाठ आहे. किपचोगे फार मोठा माणूस आहे. पण आपण ज्या जिल्ह्यात शिरतो आहोत तो ललिता बाबरचा जिल्हा आहे. माण तालुक्यातलं मोही हे तिचं गाव. पावसाची वाट बघण्यात वर्षं घालवणारा तो भाग. तिथली खो-खो खेळणारी मुलगी पुढे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये आशियाई विजेती झाली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी एक भारतीय बाई ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत धावत होती. प्राथमिक फेरीत तिनं ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. साताऱ्याला धावायला जाणाऱ्या गाडीत तिचं नाव लेकीला माझ्याकडून कळावं, धावणाऱ्या बापाकडून कळू नये, याचं मला वाईट वाटतं. बापाला ते माहीत आहे. सांगावंसं वाटत नाही, कारण त्यातून त्याचा वेग वाढणार नसतो.

मेमधल्या सरावाचा सगळ्यात मोठा त्रास मात्र घाटात होतो. पायथ्याला गाडी लावून आम्ही बसलो, तर निदान एका जागी राहू. तसं करायचं नसतं. दर तीन किलोमीटरवर पुढे जाऊन पाण्याची बाटली घेऊन उभं राहायचं असतं. यवतेश्वरचा रस्ता वळणांचा आहे. मेमध्ये कास तलावाकडे जाणाऱ्या गाड्या सहा-साडेसहापासून सुरू होतात, दुधाच्या मोटारसायकली खाली येत असतात, एसटी असते. अशा रस्त्यावर गाडी बाजूला घेण्याजोगी जागा तीन किलोमीटर मोजून येत नाही. जिथे जागा मिळते तिथे थांबलं, तर ती अडीच किलोमीटरवर येते आणि ‘इतक्यात पाणी नको होतं’ असं ऐकावं लागतं. पुढच्या जागी थांबलं, तर उशीर झालेला असतो. घाटात गाडी कुठे थांबवायची हे पाण्याच्या गरजेवरून ठरत नाही, मागून येणाऱ्या वाहनाला ती किती लांबून दिसते यावरून ठरतं. हे मी शांतपणे समजावलेलं आहे. धावत असलेल्या माणसाला समजावता येत नाही, हेही मान्य. पण निघायच्या आदल्या रात्री तो धावत नसतो.

पुढे महाबळेश्वरला जाताना आम्ही मेढ्यावरून जातो. हा रस्ता मला फार प्रिय आहे. वेण्णा नदी महाबळेश्वरात उगम पावते आणि साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला मिळते. तिच्या खोऱ्यातून उलटं वर जायचं, कण्हेर धरणाचं पाणी बघत, मग मेढा आणि मग केळघरचा घाट. मे महिन्यात त्या घाटात बाया आणि मुलं करवंदं, जांभळं घेऊन बसलेली असतात. पानाच्या द्रोणात काळीभोर करवंदं, चिकानं किंचित चिकट. आईंचं बालपण जावळी तालुक्यातलं. त्या ही करवंदं बघितल्यावर गाडी थांबवा म्हणतात, आणि ते त्यांचं साऱ्या सहलीतलं एकमेव मागणं असतं. तेव्हा त्यांना सांगितलं जातं की धावल्यानंतर अर्ध्या तासात प्रथिनं पोटात गेली पाहिजेत, आधी नाश्त्याला थांबू, करवंदं पुढे मिळतील. पुढे मिळत नाहीत. पुढे बाजारपेठ लागते आणि तिथे तीच करवंदं प्लॅस्टिकच्या डब्यात, घाटातल्या बाईला मिळतात त्याच्या कितीतरी पट पैसे मागून विकली जातात. ह्या वर्षी मी न विचारता गाडी थांबवली. दोन द्रोण घेतले. नाश्ता त्यामुळे थोडा लांबला आणि त्यानं कुणाच्या स्नायूंचं काही बिघडलं नाही.

महाबळेश्वराबद्दल लिहिण्यासारखं फारसं उरत नाही. मेमध्ये वेण्णा तलावापासून बाजारापर्यंत गाड्यांची रांग असते, हे सर्वांना ठाऊक आहे आणि त्याला धावणारे जबाबदार नाहीत. क्षेत्र महाबळेश्वरला पाच नद्यांचं पाणी जिथे एकत्र येतं तिथे आईंना घेऊन मी आणि लेक गेलो. चौथं माणूस खोलीवर पाय भिंतीला उंच लावून पडलेलं होतं. येताना पाचगणीवरून पसरणीचा घाट उतरलो. पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. घाटाखाली वाई, जिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं. एवढ्या घाटावर लेकीशी बोलण्यासारखं किती आहे! मागच्या सीटवरून काय ऐकू आलं, तर इथे चढाचे फेरे चांगले होतील, पुढच्या वेळी वाईत मुक्काम करू. डोंगराकडे बघण्याची ही जी दृष्टी तयार होते, तिची मला खरी काळजी वाटते. त्या घाटाला उतार आहे, त्याची टक्केवारी आहे, हे खरं. पण दरीत कृष्णा आहे, धोम धरणाचं पाणी आहे, तेही त्याच खिडकीतून दिसत असतं.

आता शर्यतीचे दोन दिवस.

धावणाऱ्याचा क्रमांक, टी-शर्ट आणि पिशवी आदल्या दिवशी जाऊन घ्यायची असते. बहुतेक मोठ्या शर्यतींत हीच पद्धत आहे आणि तिला कारणंही आहेत. पहाटे हजारो लोकांना क्रमांक वाटत बसता येत नाही. पण त्यामुळे रविवारच्या दोन-अडीच तासांच्या धावण्यासाठी शनिवार अख्खा जातो. त्या शनिवारी साताऱ्यातल्या खोल्यांचे दर चढलेले असतात. आम्ही उतरलो होतो ते ठिकाण एरवी साधं, स्वच्छ आणि परवडणारं. त्या दिवशी तीच खोली जवळपास दुप्पट पैशांना होती, आणि नाश्ता साडेसातच्या आधी मिळणार नाही हे पैसे भरल्यावर सांगितलं गेलं. त्या रात्री तिथे उतरलेला जवळजवळ प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी पहाटे चारला बाहेर पडणार, हे खोल्या दुप्पट दरानं देणाऱ्याला माहीत होतं. दर वाढवताना जी माहिती उपयोगी पडली, ती चार केळी आणि चहा ठेवतानाही उपयोगी पडायला हवी होती.

शनिवारच्या जेवणाबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे. साताऱ्याला जाऊन झणझणीत खायचं नाही, रस्सा नाही, मिसळ नाही. का, तर पोट बिघडायला नको. ठीक आहे, ज्याला धावायचं आहे त्यानं वरणभात खावा. पण टेबलावर एकानं वरणभात खायचं ठरवलं की त्याला इतरांच्या ताटातला वास सहन होत नाही आणि मग चौघांसाठी वरणभात मागवला जातो. माझ्या लेकीला वरणभात घरी मिळतो. तिनं साताऱ्याचा कंदी पेढा मागितला, तर उद्या शर्यत झाल्यावर सगळे मिळून खाऊ असं उत्तर आलं. पेढ्याचा शर्यतीशी काय संबंध आहे हे तिनं विचारलं आणि तो प्रश्न रास्त होता. मी तिला घेऊन मोती चौकाकडे गेले, पेढे घेतले आणि आम्ही तिथेच उभ्यानं खाल्ले. दूध आटवून केलेल्या खव्याचा खमंगपणा त्या पेढ्यात असतो, तो ताजा असतानाच कळतो.

साडेआठला दिवे बंद. एका खोलीत चौघं असल्यावर एकाची झोप ही सगळ्यांची झोप होते. आई रात्री थोडं वाचतात, त्यांना वाचता आलं नाही. लेकीनं बाथरूममध्ये बसून गोष्टीचं पुस्तक संपवलं. मी अंधारात पडून होते आणि ज्याच्यासाठी हा अंधार केला होता तो जागाच होता, कारण शर्यतीच्या आदल्या रात्री धावणाऱ्यांना झोप येत नाही. हे त्यांच्यात सर्वमान्य आहे. मग दिवा साडेदहापर्यंत ठेवायला काय हरकत होती, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

पहाटेची गंमत वेगळी असते हे मी नाकारत नाही. पाऊस थांबलेला, अजिंक्यताऱ्यावर ढग टेकलेले, हजारो माणसं हातपाय हलवत उभी. पण त्या जागी पोहोचायला रस्ते बंद होण्याआधी जावं लागतं. रस्ते बंद करणं आवश्यक आहे. धावणाऱ्यांच्या अंगावर गाडी यायला नको. एकदा बंद झाले की गाडी ना पुढे नेता येते ना मागे. खोलीवर परत जाता येत नाही. घाटात वर जाऊन बघता येत नाही. म्हणजे सव्वापाच ते साधारण नऊ एवढा वेळ आम्ही तिघी एका मैदानाच्या कडेला, छत्र्या उघडून. आईंना बसायला खुर्ची नव्हती. त्यांनी एका बंद दुकानाच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरलं. स्वच्छतागृहं होती, ती धावणाऱ्यांसाठी, आणि तिथे रांग एवढी की धावणारेच घड्याळ बघत होते. त्यांच्या रांगेत वृद्ध बाईनं उभं राहावं का, असं मलाच अवघड वाटलं. शेवटी समोरच्या एका घरातल्या काकूंनी न विचारता हाक मारली, आईंना आत नेलं, चहा दिला आणि वर म्हणाल्या, ‘दर वर्षी येतात हो माणसं अशी, उभीच असतात बिचारी.’ त्या काकूंचे मी आभार मानते. पण ही सोय एखाद्या काकूंच्या चांगुलपणावर सोपवलेली असू नये. आपल्याकडच्या शर्यतींत धावणाऱ्याला पाणी कुठे, संत्र्याच्या फोडी कुठे, डॉक्टर कुठे, याचा नकाशा असतो. त्याच्याबरोबर येणाऱ्या माणसाला कुठे बसता येईल, हे त्या नकाशावर एका ठिपक्यानंही दाखवलेलं नसतं. दहा खुर्च्या, एक मांडव आणि बायकांसाठी दोन वेगळी स्वच्छतागृहं, एवढंच मागणं आहे.

दुसरी गोष्ट आवाजाची. पहाटे पाचला, वस्तीच्या मध्ये, मोठ्या कर्ण्यांवरून सिनेमातली गाणी आणि त्यावर उड्या मारायला लावणारा निवेदक. शरीर गरम करायला गाणं लागत नाही. ज्यांच्या गावात आपण पाहुणे आहोत, त्यांच्या घरात लहान मुलं, आजारी माणसं झोपलेली असतात. हजारो लोक एका वेळी नुसते पावलं टाकत निघाले की जो आवाज होतो, तो मी ऐकला आहे. कर्णे मध्येच बंद पडले होते तेव्हा. तसा आवाज दुसरा नाही. तो ऐकू द्यावा.

फोटोबद्दलही बोललं पाहिजे. शेवटची रेषा ओलांडतानाचा फोटो काढायची जबाबदारी माझ्यावर असते. हजारभर माणसं एकाच रंगाच्या टी-शर्टमध्ये, भिजलेली, केस कपाळाला चिकटलेले, चेहरे वेदनेनं सारखेच झालेले. पुढे माझ्यासारख्याच फोन उंच धरलेल्या बायकांची भिंत. अशा वेळी नेमक्या त्या दोन सेकंदांत नेमका आपला माणूस टिपायचा आणि त्यात वरचं घड्याळही आलं पाहिजे. हे काम ज्यांना पैसे देऊन नेमलेलं असतं, त्यांनी काढलेले फोटो दोन दिवसांत मिळतात आणि चांगले असतात. मला त्या क्षणी फोनच्या मागे नाही, मोकळ्या डोळ्यांनी उभं राहायचं आहे. एवढा खोळंबा करून जे बघायला आले, ते मला बघू दे.

कारण ते बघण्यासारखं असतं. घाट उतरून येणारी माणसं बघताना मला दर वेळी भरून येतं. पासष्टीचे एक आजोबा, पांढरा सदरा आणि साधे कॅनव्हासचे बूट. साडीवर धावणाऱ्या दोघी. एक मुलगा लंगडत येत होता आणि त्याच्या बरोबरीनं एक अनोळखी माणूस, आपला वेळ सोडून, चालत होता. धावणं ही चांगली गोष्ट आहे. म्हणूनच रस्त्यावर फेकलेली, धावताना ऊर्जेसाठी घेतात त्या जेलची चकचकीत पाकिटं बघून संताप येतो. पाण्याचे पेले स्वयंसेवक गोळा करतात. पण ते पाकीट दातानं फाडून, दोन घोट चोखून, झाडीत भिरकावलं की ते कुणाच्या हाती लागत नाही. हा रस्ता कासच्या पठाराकडे जातो. ते पठार पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. सातारा शहराच्या मोठ्या भागाला पिण्याचं पाणी कासच्या तलावातून मिळतं. खिशात जे पाकीट भरलेलं मावतं, ते रिकामं मावलंच पाहिजे.

आणि कास. माझी सगळ्यात जुनी तक्रार ही आहे. शर्यत बहुधा त्याच सुमाराला येते जेव्हा पठारावर फुलं सुरू होतात. सोनकी, तेरडा, कंदील, सीतेची आसवं. कातळावरच्या पातळ मातीत हे सगळं काही आठवड्यांत उगवून, फुलून, बी धरून संपतं. धावणारे जिथून मागे वळतात, तोच रस्ता सरळ पुढे पठारावर जातो. त्या वळणापर्यंत दर वर्षी धावत जायचं, पाठ फिरवायची आणि खाली यायचं, आणि नंतर गाडीतून वर जाऊ असं आम्हाला सांगायचं. नंतर जाणं होत नाही. पठारावर रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे, आगाऊ नोंदणी करावी लागते, आणि हंगामातल्या रविवारची नोंदणी आधीच भरते. ती वेळेत करायला मी गेल्या वर्षी सांगितलं होतं. त्यावर, शर्यतीनंतर पाय चालतील की नाही ते बघून ठरवू, असं ठरलं. पाय चालले नाहीत. गेल्याच्या गेल्या वर्षीही चालले नव्हते.

ते चालणार नाहीत हे आधीच कळण्याजोगं असतं, कारण त्यामागे साधं शरीरशास्त्र आहे. चढापेक्षा उतारच पाय मोडतो. उतारावर दर पावलाला मांडीचा पुढचा स्नायू शरीराचा भार रोखण्यासाठी आवळलेला असतो आणि त्याच वेळी ताणलाही जात असतो. त्यानं त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. दहा किलोमीटर घाट उतरणं म्हणजे हे हजारो वेळा होणं. ते दुखणं त्या दिवशी पूर्ण येत नाही, चोवीस ते बहात्तर तासांत शिगेला पोहोचतं. म्हणजे रविवारी परतताना शिरवळपर्यंत दोनदा गाडी थांबवून पाय मोकळे करायचे, मागची सीट पूर्ण त्यांना द्यायची, लेकीनं आजीच्या मांडीवर अर्धं बसायचं, ओले बूट गाडीतच, काचा पावसामुळे बंद. आणि सोमवारी-मंगळवारी, आमच्या इमारतीला लिफ्ट नसल्यानं, दूध, भाजी, लेकीला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, हे सगळं माझ्याकडे. मला हे करायला जड जात नाही. एखादं माणूस दुखण्यानं पडलं तर करतोच आपण. पण हे दुखणं तारीख ठरवून, पैसे भरून, सहा महिने आधी नोंदवलेलं असतं. तेवढ्याच आधी सोमवारची रजा माझ्याऐवजी ज्याची आहे त्यानं काढावी.

या सगळ्यावर घरात चर्चा झाली आहे आणि ती भांडणात संपलेली नाही. माझं म्हणणं लेखी मागितलं गेलं म्हणून ते असं दिलं आहे. शर्यतीला जायचं तर धावणाऱ्यांच्या गटाबरोबर, त्यांच्या गाडीतून जावं; पुण्यातून तशा बऱ्याच गाड्या निघतात, सगळे एका वेळी उठतात, एकच वरणभात खातात आणि परतताना एकमेकांचं दुखणं त्यांना नीट कळतं. सहल वेगळी. तिला तीनला निघायचं नाही, करवंदांच्या बाईपाशी थांबायचं, आईंना मेढ्यात त्यांची शाळा बघायची आहे तिथे तासभर घालवायचा.

कासची नोंदणी यंदा मी केली आहे. शर्यतीनंतरचा बुधवार, सकाळची वेळ, म्हणजे गर्दी कमी असेल. तीन नावं घातली आहेत आणि चौथं घालायला अजून मुदत आहे. बुधवारपर्यंत मांड्यांचं दुखणं ओसरायला लागलेलं असतं, पठारावरची वाट बरीचशी सपाट आहे, आणि चालताना घड्याळ लावायचं नाही एवढीच अट आहे.